पहिलं वाक्य कोणत्या भाषेत?

चेन्नईहून जुन्या महाबलीपुरम रस्त्यानं दक्षिणेला निघालं की शोलिंगनल्लूर आणि नावलूर मागे पडल्यावर सिरुसेरी येतं. राज्य सरकारच्या ‘सिपकॉट’ महामंडळाचं आयटी पार्क आणि त्यातलं टीसीएसचं भलंमोठं संकुल यांमुळे इथं देशभरातून तरुण येतात, त्यांत मराठीही असतात. बैठकीत इंग्रजी, डबा खाताना हिंदी आणि रात्री आईच्या फोनवर मराठी, असा त्यांचा दिवस जातो. ज्या गावात हा दिवस जातो तिथली तमिळ त्यात कुठेच नसते. रिक्षावाल्याशी बोलायचं असो की भाजीवालीशी, तोंडून आधी हिंदी निघते, ती चालली नाही की इंग्रजी.

पुण्यात हिंजवडीला राहिलेल्या मराठी माणसाला दुसऱ्या बाजूची व्यथा चांगली ठाऊक आहे. तिथं त्याच्याच दारात येणारा माणूस हिंदीत सुरुवात करतो आणि तो निमूट हिंदीत उत्तर देतो. मुंबईत तर दोन मराठी माणसं एकमेकांशी बराच वेळ हिंदीत बोलतात आणि मग आडनाव कळल्यावर मराठीवर येतात. सार्वजनिक जागेची भाषा ठरवण्यात कायद्यापेक्षा मोठा वाटा या पहिल्या वाक्याचा असतो, असं माझं मत आहे. पहिलं वाक्य कोण कोणत्या भाषेत बोलतो आणि दुसरा आपली भाषा सोडतो का, यावर सगळं ठरतं. आपण सोडतो. तमिळ माणूस बहुधा सोडत नाही.

त्याच्या या सवयीमागे इतिहास आहे. मद्रास प्रांताचे तेव्हाचे सरकारप्रमुख राजाजी यांनी १९३८ मध्ये शाळांत हिंदी सक्तीची केली, तिला कडवा विरोध झाला आणि १९४० मध्ये ती मागे घ्यावी लागली. १९६५ चं हिंदीविरोधी आंदोलन रक्तरंजित ठरलं. १९६८ मध्ये अण्णादुराईंच्या सरकारनं तमिळ आणि इंग्रजी हे द्विभाषा सूत्र स्वीकारलं. महाराष्ट्रात २०२५ साली पहिलीपासूनच्या हिंदीवरून लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला शासन निर्णय रद्द करावा लागला, तेव्हा तमिळनाडूचं नाव आपल्याकडे आदरानं घेतलं गेलं. तो आदर खरा असेल तर सिरुसेरीत उतरल्यावर तो आपल्या वागण्यात दिसायला हवा.

पहिल्या वाक्याचा हा प्रश्न युक्रेनमध्ये कायद्यात उतरला आहे. खार्किव, ओदेसासारख्या शहरांत रोजचा व्यवहार वर्षानुवर्षं मुख्यतः रशियन भाषेत चाले. एकानं युक्रेनियन बोलावं, दुसऱ्यानं रशियन, आणि दोघांनी एकमेकांना बिनअडथळा समजून घ्यावं, हेही तिथं नित्याचं. १६ जानेवारी २०२१ पासून दुकानदारानं किंवा वेटरनं गिऱ्हाइकाशी सुरुवात युक्रेनियनमध्येच करायची, असं बंधन आलं. गिऱ्हाइकानं मागितली आणि दोघांची तयारी असली तर दुसरी भाषा चालते. म्हणजे सरकारनं हात घातला तो पहिल्या वाक्याला. पण रशियाच्या २०२२ च्या आक्रमणानंतर कित्येक रशियनभाषक कुटुंबांनी आपणहून घरातली भाषा बदलली, ती काही या कायद्याच्या धाकानं नव्हे. सिरुसेरीची तुलना त्या रणभूमीशी करता येणार नाही. तरी भाषेची निवड हे शेजाऱ्याविषयीचं विधान असतं, हे दोन्हीकडे खरं.

सिरुसेरीच्या परिसरात इमारती बांधायला बिहार, ओडिशा, आसामातून आलेले मजूरही आहेत. त्यांच्यातले अनेक जण थोड्याच काळात कामापुरती तमिळ बोलू लागतात, कारण आडोशाला त्यांच्याकडे इंग्रजी नाही. अभियंत्याकडे ती आहे, म्हणून पाच-पाच वर्षं राहूनही त्याचं अडत नाही. माणूस म्हणून मात्र त्याचं पुष्कळ हुकतं. वॉचमनच्या घरी आजारपण आहे, घरमालकीण कशावरून नाराज आहे, रस्त्यावरची सभा कशासाठी भरली आहे, यातलं काही त्याच्यापर्यंत पोचत नाही.

तमिळ शिकलो तर मुलांची मराठी जाईल, अशी भीती काही पालक बोलून दाखवतात. त्यांनी तंजावरकडे पाहावं. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्यापासून तिथं मराठी राज्य होतं. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांच्या नावावर पाच भाषांतलं एक नाटक आहे, त्यात मराठी आणि तमिळ एकाच रंगमंचावर येतात. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर मराठीत कोरवला. तोही तमिळ शिलालेखांनी भरलेल्या मंदिरात, त्या शिलालेखांच्या सोबतीनं. १८५५ मध्ये संस्थान खालसा झालं, राजाश्रय गेला, तरी तिथली मराठी घरं पिढ्यान् पिढ्या घरात मराठी बोलत राहिली. दाराबाहेर ती अस्सल तमिळ होती. त्यांच्या मराठीत तमिळ शब्द आले, उच्चार बदलले, पण भाषा टिकली. आज ती क्षीण होत असेल तर मराठी घरात बोलणं कमी झालं म्हणून. तमिळचा दोष त्यात मला दिसत नाही.

म्हणून सिरुसेरीत नोकरी लागलेल्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. घर भाड्यानं घ्याल त्याच आठवड्यात तमिळ शिकायला लागा. ‘अण्णा’, ‘अक्का’ म्हणून हाक मारा, भाव तमिळमध्ये विचारा, चुकलात तर चुकू द्या. घरात मुलांशी मराठीच बोला. आणि सुट्टीला पुण्याला याल तेव्हा रिक्षावाल्याशी पहिलं वाक्य मराठीत बोला.