पायाशी बसलेले आणि पायरीवर बसलेली

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तमहाराजांची तसबीर डोळ्यांसमोर आणा. तीन शिरे, सहा हात, मागे गाय, पायांशी चार श्वान. गाय म्हणजे पृथ्वी आणि श्वान म्हणजे चार वेद, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. अर्थ खराच आहे. पण अर्थ कळला की कुत्रं दिसेनासं होतं, असं पुष्कळदा वाटतं. तसबिरीतल्या चौघांना फूल आणि पायरीवरच्या पाचव्याला काठी, हे काही नवं नाही.

अर्थात सगळेच काठी उगारत नाहीत. गुरुवारी आठवणीने भाकरी घेऊन येणारी मंडळी आहेत. पण भाकरी घालणं आणि घरात घेणं यांत अंतर आहे, आणि यंदा ते एका कुत्रीमुळे आमच्यापुढे आलं. मंदिरामागे राहणाऱ्या एका ताईंनी तिला उचलून आणलं. गाडीखाली सापडलेली, मागचा एक पाय काढावा लागलेला. वय चारेक वर्षं. लसी झाल्या, नसबंदी झाली, कानाला खूण आहे. सरकारच्या 2023 च्या नियमांप्रमाणे नसबंदी झालेलं कुत्रं पुन्हा आपल्या जागी सोडतात. पण तीन पायांवर ही त्या रस्त्यावर किती दिवस काढणार? म्हणून ताई तिच्यासाठी घर शोधताहेत. हळहळ सगळ्यांना वाटते. न्यायला कुणी तयार नाही.

एक जुने सेवेकरी काका म्हणाले, "ताई, या वयात माया कशाला लावून घ्यायची? भरतराजाचं काय झालं, ठाऊक आहे ना?"

ही पळवाट नव्हे, खरा प्रश्न आहे. राज्य सोडून तपाला बसलेल्या भरताने नदीत पडलेलं हरणाचं पाडस दयेने उचललं. त्याच्या काळजीत नित्यकर्म सुटलं, अंतकाळी मन हरणापाशीच राहिलं आणि पुढचा जन्म हरणाचा आला. आपल्या अवधूताच्या चोवीस गुरूंतही कबूतर आहेच. पिल्लांच्या मायेपायी ते स्वतः जाळ्यात गेलं. त्या चोवीसांत कुत्रा नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. तेव्हा काकांच्या बाजूने दोन भक्कम साक्षी आहेत.

दुसऱ्या बाजूला धर्मराज. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडली, एकेक भाऊ पडला, तो मागे वळला नाही. इतका निर्मोही माणूस! आणि स्वर्गाच्या रथाशी एका कुत्र्यासाठी अडून बसला. इंद्राने समजावलं, तरी आश्रयाला आलेल्याला टाकण्याचं पाप त्याला नको होतं. याला मोह म्हणणं जड जातं.

मग फरक कशात? मला वाटतं, भरताचं पाडस उचलणं चुकलं नाही. ते आपल्यावाचून जगणारच नाही, हा विचार त्याला खाऊन गेला. पण दुसऱ्या कुणाच्या हाती ते सोपवावं, ही गोष्ट कथेत कुठे येत नाही. आपण नसलो तर काय, याची नुसती काळजी वाहणं हा मोह. त्याची सोय लावून ठेवणं ही दया. आणि सोय लावण्याचं काम आपल्या वयाच्या माणसांइतकं कुणाला येतं? घराच्या कागदांपासून देवघरातल्या टाकांपर्यंत आपण हेच तर करतो आहोत.

सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात रस्त्यावरची कुत्री दत्तक घ्यायला मुभा दिली. अट एकच, नेलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. धर्मराजाचीही अट तीच होती.

म्हणून हिशेब आधी करावा. पिल्लू गोड दिसतं, पण ते बारा-तेरा वर्षं जगतं. सत्तरीच्या माणसाने मोठं कुत्रं घ्यावं. तिघी-चौघी नातलगांपैकी कुणाला तरी आधीच विचारावं, "माझ्यामागे हिला नेशील का?" आणि होकार आला तर लिहून ठेवावं. रेबीजची लस वेळच्या वेळी द्यावी. सकाळ-संध्याकाळ फिरवावं लागेल, ते काकडआरतीला निघणाऱ्याला जड नाही. एक मात्र सांगतो, प्रसादाचा शिरा तिला घालू नका. बेदाणे कुत्र्यांना बाधतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदा नको, चॉकलेटही नको.

ताई चौकश्या फार करतात. घर भाड्याचं की स्वतःचं, गावाला गेलात तर कोण बघणार, सूनबाईंना चालेल का. काहींना राग येतो. पण मुलगी देताना आपण याहून कमी विचारलं होतं का?

काकांनी परवा भाचीला फोन केला म्हणे. तिने दोन दिवस मागितले आहेत. तोवर कुत्री ताईंच्या पडवीतच आहे. जयंतीला फटाके वाजतील, त्यांना ती फार भिते, म्हणून त्या संध्याकाळी तिला आतल्या खोलीत ठेवणार आहेत. बघायला यायचं असेल त्यांनी एरवी संध्याकाळच्या आरतीनंतर यावं. दुपारी ती झोपलेली असते.