फावल्या वेळचे काम आणि त्याची मजुरी

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत हिंडताना जे प्रश्न आम्हांस ऐकावयास मिळतात त्यांपैकी पुष्कळसे पैशाचे असतात, आणि ते विचारणारा बहुधा खाली मान घालूनच विचारतो. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका तरुणाने असाच एक प्रश्न आमच्यापुढे ठेविला. हा गृहस्थ दिवसा तालुक्याच्या गावी मोटारदुरुस्तीच्या एका कारखान्यात रोजावर जातो, आणि सायंकाळी घरामागील बाभळीखाली जुन्या गंजक्या मालमोटारी पुन्हा चालत्या करितो. त्याने आम्हांस विचारले, "मास्तर, ज्या कामात माझा जीव रमतो त्या कामाचे पैसे मागणे हा लोभ म्हणावा काय?"

आम्ही त्यास त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. पुढे दोन वेळा त्याच्या घरी जाऊन सर्व हकिकत ऐकली, आणि ती ऐकल्यावर असे वाटले की, हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. ज्यांच्या घरी दिवसाच्या रोजाने चूल पुरी पेटत नाही अशा आमच्या पुष्कळ वाचकांचा आहे.

हकिकत अशी. त्याच गावच्या एका बागाईतदाराच्या वडिलांनी १९८३ साली टाटा कंपनीची एक मालमोटार घेतली होती. या कंपनीने १९५४ साली जर्मनीतील डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपुरास मालमोटारी बांधण्यास आरंभ केला आणि तो करार १९६९ पर्यंत चालला. म्हणून आमच्या लहानपणी जुने ड्रायव्हर त्या गाड्यांस 'मर्सिडीज'च म्हणत असत. ही गाडी त्या काळानंतरची होती. वडील वारल्यावर ती विहिरीशेजारी उभी राहिली ती चौदा वर्षे हलली नाही. तळपत्र्यातून गवत वर आले होते, तारा उंदरांनी खाल्ल्या होत्या, व इंजिनातील दट्टे जागच्या जागी धरून बसले होते. बागाईतदाराने आमच्या तरुणास बोलावून सांगितले, "वडिलांची आठवण आहे, तेवढी चालू करून दे." मोबदल्याची गोष्ट निघाली तेव्हा तो म्हणाला, "तू काय परका आहेस? बघू, देऊ काही तरी."

ज्यांनी हे काम पाहिले नाही त्यांस ते रंगरंगोटीचे वाटेल, म्हणून थोडे सांगितले पाहिजे. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू हे तीन एकत्र आले म्हणजे गंज उत्पन्न होतो. त्यात मीठ मिसळले तर तो अधिक वेगाने वाढतो, आणि म्हणूनच कोकणपट्टीतील गाड्या देशावरील गाड्यांपेक्षा लवकर सडतात. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे दोन पत्रे जेथे एकमेकांवर बसविलेले असतात तेथे तो आत शिरून त्यांस फाकवीत जातो, आणि वरून रंग शाबूत दिसत असता आत चाळण झालेली असते. अशा पत्र्यावर लांबी भरून रंग दिला तर एका पावसाळ्यात फोड येतात. खरा कारागीर सडलेला भाग कापून टाकितो, निरोगी पत्रा लागेपर्यंत कापीत जातो, नवा तुकडा जोडितो, तारेच्या ब्रशाने घासून त्यावर लाल ऑक्साइडचा हात देतो, आणि मग रंगाकडे वळतो. धरलेले दट्टे सोडविण्यास घाई चालत नाही. डिझेल अथवा रॉकेल नळकांड्यांत ओतून दिवसचे दिवस वाट पाहावी लागते, आणि रोज थोडा जोर लावून पाहावा लागतो. आमच्या तरुणाने अकराव्या दिवशी इंजिन हातभर फिरलेले पाहिले तेव्हा तो घरात जाऊन बायकोस हाक मारून घेऊन आला. तिने रागानेच विचारले, "यात दळण येणार का?" तिचाही प्रश्न मुद्द्याचाच होता.

साठ संध्याकाळी, प्रत्येकी सुमारे तीन तास, असे त्याचे काम झाले. कारखान्यात त्यास आठ तासांचे सहाशे चाळीस रुपये मिळतात. त्या दराने एकशे ऐंशी तासांचे चौदा हजार चारशे होतात. गाडी सुरू झाली त्या दिवशी बागाईतदाराने नारळ फोडला, त्यास शर्टाचे कापड दिले आणि दोन हजार रुपये हातावर ठेविले. तरुण घुटमळला, तेव्हा तो हसून म्हणाला, "तुला तर याचा नादच आहे. माझी गाडी नसती तर दुसऱ्या कोणाची घेऊन बसला असतास."

या वाक्याने त्या मुलाची झोप उडविली, आणि आमच्या मते ते वाक्य नीट तपासण्याजोगे आहे. त्यात खरेपणाचा अंश आहे म्हणूनच ते बोचते. त्यास नाद आहे, हे खरे. परंतु काम करणाऱ्याच्या आनंदामुळे मजुरी कमी होत असेल, तर जो कुरकुरत, कपाळास आठ्या घालून काम करितो त्यास सर्वांत अधिक मजुरी द्यावी लागेल. मुले आवडतात म्हणून शाळामास्तराचा पगार कोणी कापीत नाही. बागाईतदारास जे मिळाले ते आमच्या तरुणाचा आनंद नव्हे. त्यास चालणारी गाडी मिळाली. आनंद तर करणाऱ्याच्याच घरी राहिला, आणि तो बागाईतदाराच्या तिजोरीतून निघालेला नव्हता की त्याने तो हिशेबात वजा करावा.

तथापि दुसरी बाजूही आम्ही त्या तरुणापुढे मांडिली, आणि ती त्यास आवडली नाही. साठ संध्याकाळांपैकी तीन-चार त्याने दर्शनी भागावरील एक जुनी पितळी पट्टी घासण्यात आणि टपावरील वेलबुट्टी जशीच्या तशी पुन्हा काढण्यात घालविल्या. हे त्यास कोणी सांगितले नव्हते. जे मागितले नाही ते आपण आवडीने केले, तर त्याची किंमत दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. ते दान झाले, आणि दान म्हणूनच सोडून द्यावे. त्याने थोडा विचार करून चार संध्याकाळी वगळल्या.

आता 'काही तरी' या शब्दाविषयी. गावगाड्यात सुतार-लोहारांस पैशाने मजुरी क्वचितच मिळत असे. सुगीच्या वेळी खळ्यावर बलुते मिळे. ठराव कागदावर नव्हता, परंतु कोणास किती पेंढ्या हे सर्व गावास ठाऊक असे. मात्र त्याच गावगाड्यात आमच्यापैकी पुष्कळांच्या आज्या-पणज्यांनी जे काम केले त्यास ठराव नव्हता व माप नव्हते. १८७४ च्या वतन कायद्याखाली महार वतनदाराच्या घरच्या कोणासही वेळी-अवेळी कामास बोलाविता येत असे. त्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने नाहीशी करणारा कायदा १९५८ साली झाला. आणि त्याआधीच १९५० च्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगार निषिद्ध ठरली. हे सर्व होऊन गेले, परंतु 'देऊ काही तरी' हे शब्द ऐकताच आमच्या माणसांची मान अजूनही आपोआप खाली जाते. बागाईतदाराच्या मनात वाईट होते असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या आजोबांपासून त्याच्या घरात तो शब्द तसाच वापरला गेला, इतकेच.

कायदा या बाबतीत पुष्कळांस वाटतो तितका आंधळा नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सत्तरावे कलम असे आहे की, एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर रीतीने काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने त्याचा मोबदला दिला पाहिजे. दर ठरला नव्हता एवढ्यावरून देणे बुडत नाही. त्याच कायद्याच्या एकशे सत्तराव्या कलमाप्रमाणे, ज्याच्या हाती वस्तू दुरुस्तीस दिली त्या कारागिरास, काम वेळेत पुरे केल्यावर, आपला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. तेथे कच्चा हिरा पैलू पाडण्यास घेतलेल्या जवाहिऱ्याचे उदाहरण दिले आहे. गाडी अद्याप बाभळीखालीच होती आणि किल्ली आमच्या तरुणाजवळ होती. परंतु ज्या गावात त्याच बागाईतदाराच्या विहिरीवरून उन्हाळ्यात पाणी आणावे लागते, तेथे किल्ली खिशात ठेवणे हे हिऱ्याइतके सोपे नसते. कायद्याने दिलेला हक्क वापरण्याची किंमत गरिबास वेगळी मोजावी लागते, हे जे पुढारी व्यासपीठावरून विसरतात त्यांनी एक उन्हाळा अशा गावी काढून पाहावा.

आमचे म्हणणे त्यास इतकेच होते की, किल्लीची गोष्ट मागाहून. प्रथम आकडा तोंडाने उच्चार. पहिल्या दिवशी तो उच्चारला नाही ही चूक त्याचीही होती. त्यास वाटले, पैसे बोलणे हे ओशाळवाणे आहे. पण न बोललेला आकडा त्याच्या मनात रोज वाढत होता, आणि बागाईतदाराच्या मनात रोज घटत होता. येथे आम्हांस आमचीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी रात्री दहा वाजता आमची फटफटी एका मंडळीतील बंधूने दोन तास खपून सुरू करून दिली, आणि आम्ही त्यास चहा पाजून, आभार मानून निघून आलो. आपला माणूस म्हणून आम्ही पैसे विचारले नाहीत, आणि आपला माणूस म्हणून त्याने मागितले नाहीत. त्या रात्री त्याच्या घरी काय बोलणे झाले असेल हे या तरुणाच्या बायकोचा प्रश्न ऐकेपर्यंत आमच्या मनातही आले नव्हते.

पोटासाठी दुसरे काम करणे यात कमीपणा नाही, हे आमच्या उपदेशकांस सांगणे नको. पौल करिंथास अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करण्याचा धंदा करीत असे. परंतु संध्याकाळ खरोखर आपली आहे की नाही, हे ज्याने त्याने पाहिले पाहिजे. १९४८ च्या कारखाने कायद्यात एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करण्यास बंदी होती, कारण थकलेल्या हातास यंत्र क्षमा करीत नाही. आणि राज्य सरकारच्या नोकरास १९७९ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे परवानगीवाचून खासगी धंदा करिता येत नाही. आमचा तरुण सरकारी नोकर नव्हता, आणि बाभूळ म्हणजे कारखाना नव्हे. तरीही आम्ही विचारले, "जोडकामाच्या सळ्या कोठून आणिल्यास?" तो गप्प झाला. कारखान्यातून दोन पुडकी आणिली होती. 'तेथे ढीग पडलेला असतो.' ज्याने आपले तास कोणी बुडवू नयेत म्हणून रात्र जागून काढिली, त्याने दुसऱ्याच्या सळ्यांस तास न मानता ढीग मानले. आम्ही अधिक बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दोन पुडकी विकत घेऊन मालकाच्या फळीवर ठेविली व मालकास सांगितले. मालकाने शिव्या दिल्या, पण कामावरून काढिले नाही.

याच सुमारास वडिलांची आठवण बाजूस राहिली आणि बागाईतदाराने गाडी वीटभट्टीवाल्यास विकण्याचे ठरविले. जुन्या इंजिनाच्या धुराने भट्टीवरच्या बायामुलांचा खोकला वाढेल, अशा गाड्या मोडीतच गेलेल्या बऱ्या, असे म्हणणारे लोक आहेत. सरकारनेही २०२१ साली जुनी वाहने स्वेच्छेने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. हे म्हणणे वजनदार आहे व आम्हांस त्याचे पुरे उत्तर देता येत नाही. परंतु तूर्त अडचण दुसरीच निघाली. मागील पाट्यांच्या कमानीजवळ सांगाड्याच्या लोखंडास एक बोटभर भेग सापडली. बागाईतदार म्हणाला, "लांबी भर, काळा रंग मार, आणि मग तुझे सगळे पैसे देतो."

वाचकहो, मजुरी मागणाऱ्यापुढे मजुरी अशा रीतीने ठेविली जाते तेव्हा ती नाकारणे किती कठीण असते, हे घरी पीठ असलेल्यांनी ठरवू नये. तीन दिवस तो आमच्याकडे फिरकला नाही. चौथ्या दिवशी कळले की, त्याने भेग जेथे संपते तेथे बारीक भोक पाडिले होते, की जेणेकरून ती पुढे सरकू नये; ती जोडून वर जाड पट्टी रिव्हेटांनी बसविली होती; आणि रंग न देता ती तशीच उघडी ठेविली होती. वीटभट्टीवाला आला तेव्हा त्याने पट्टीवर बोट ठेवून ती का बसविली ते सांगितले. भट्टीवाल्याने किंमत पाडून मागितली, बागाईतदाराचा चेहरा काळवंडला, आणि सौदा तरीही झाला.

त्यानंतर आमच्या समक्ष आकड्याची बोलणी झाली. चार संध्याकाळी वगळून तेरा हजार चारशे चाळीस होत होते. बारा हजारांवर उभयता राजी झाले. दोन हजार पूर्वीचे, सहा हजार त्याच दिवशी मिळाले, आणि बाकीचे उसाचे बिल आल्यावर देण्याचे ठरले. उसाचे बिल येऊन महिना झाला. चार हजार अद्याप यावयाचे आहेत, आणि तरुण दर रविवारी प्रार्थनेनंतर बागाईतदाराच्या ओट्यावर जाऊन, पाणी पिऊन, आकडा सांगून येतो.