मोजपट्टीबाहेरचे ज्ञान

भारतात एमबीबीएस आणि बीडीएस, म्हणजे वैद्यकशास्त्र आणि दंतवैद्यक यांचे पदवी अभ्यासक्रम, या दोहोंसाठी प्रवेश परीक्षा एकच असते. ‘नीट’ या नावाने ओळखली जाणारी ही राष्ट्रीय परीक्षा बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी योजलेली असली, तरी तिला बसणाऱ्यांत दंतवैद्यकाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातले विद्यार्थीही असतात. एमबीबीएसची जागा थोडक्यात हुकल्यामुळे त्यांनी बीडीएसला प्रवेश घेतलेला असतो आणि कॉलेज सांभाळून ते पुन्हा तीच परीक्षा देऊ पाहतात. या धडपडीला कोणी जिद्द म्हणते, कोणी हट्ट. परंतु तिच्या मुळाशी ज्ञान आणि त्याचे मोजमाप यांच्या नात्याचा एक गंभीर प्रश्न आहे.

बीडीएसच्या पहिल्या वर्षी विद्यार्थी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र शिकतो, दुसऱ्या वर्षी रोगांची कारणे सांगणारे विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र, तर तिसऱ्या वर्षी सामान्य वैद्यक आणि शल्यचिकित्सा. विस्तार आणि खोली यांत फरक असला, तरी हे सर्व विषय एमबीबीएसच्या विद्यार्थ्यालाही शिकावे लागतात. नीटमध्ये मात्र या शिक्षणाला जवळजवळ काहीच मोल नसते. 720 गुणांच्या या परीक्षेतले निम्मे गुण भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांना आहेत, उरलेल्या निम्म्या गुणांच्या जीवशास्त्रात वनस्पतींपासून परिसंस्थेपर्यंत सर्व काही येते आणि मानवी शरीराच्या वाट्याला त्यातला एक भाग तेवढा उरतो. 2024 च्या परीक्षेपासून तर पचन आणि शोषण हे संपूर्ण प्रकरणच अभ्यासक्रमातून वगळले गेले असून मुख आणि दात यांचा विचार शालेय अभ्यासक्रमात ज्या ठिकाणी येत असे, ते ठिकाणच त्यामुळे नाहीसे झाले आहे.

शिवाय अधिक जाणणे या परीक्षेत नेहमी उपयोगी पडतेच असे नाही. नीटचे जीवशास्त्राचे प्रश्न एनसीईआरटीच्या, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संस्थेने तयार केलेल्या, शालेय पाठ्यपुस्तकांच्या वाक्यरचनेशी घट्ट बांधलेले असतात. एखादी शरीरक्रिया अपवादांसह आणि रुग्णाच्या अवस्थेनुसार बदलणारी म्हणून शिकलेल्या विद्यार्थ्याला तेथे पुस्तकातले सरळ विधान निवडावे लागते. तेही एका प्रश्नास सरासरी एक मिनिट एवढ्याच वेळात, आणि उत्तर चुकल्यास एक गुण कापला जाईल हे ध्यानात ठेवून. अशा वेळी त्याला स्वतःचे नवे ज्ञान बाजूस सारून जुन्या, सोप्या मांडणीकडे परतावे लागते.

याची खरी किंमत हाताच्या शिक्षणाला मोजावी लागते. दंतवैद्यक हे बुद्धीइतकेच बोटांचे शास्त्र आहे. मेणाच्या ठोकळ्यातून दाताचा आकार कोरणे, कृत्रिम जबड्यावर दात कोरून भरणे, अशा सरावातून येणारे कौशल्य रात्रीच्या घोकंपट्टीने भरून निघत नाही. नीटमध्ये पुन्हा अपयश आले, तर हाच विद्यार्थी पुढे रुग्णाच्या तोंडात उपकरण घालणार असतो. म्हणून त्याच्या दुभंगलेल्या लक्षाचा प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही.

मग दंतवैद्यांना वैद्यकाकडे जाण्याची वेगळी वाट का असू नये? या विचारावर एक आक्षेप वजनदार आहे. सर्वांना समान परीक्षा हाच न्यायाचा पाया आहे आणि दंतवैद्यकातून वैद्यकाकडे जाणारी स्वतंत्र वाट काढली, तर पैसेवाल्यांसाठी ती मागचे दार ठरेल. ही भीती खरी आहे, पण तिचे उत्तर वाट बंद ठेवण्यात नसून तिच्यावर कडक परीक्षा बसवण्यात आहे. मुख व जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाला जर्मनीत दोन्ही पदव्या आवश्यक मानल्या जातात, आणि ब्रिटनमध्ये काही वैद्यक महाविद्यालये पात्र दंतवैद्यांना कमी वर्षांत वैद्यकाचे शिक्षण देतात. भारतातही बीडीएस पूर्ण केलेल्यांसाठी मोजक्या जागा ठेवून, दोन्ही अभ्यासक्रमांना समान असलेल्या विषयांची देशव्यापी परीक्षा घेता येईल. शिकलेल्या गोष्टीवर परीक्षा घेतल्याने समानतेला बाध येत नाही, उलट तिला अर्थ येतो.

अशी व्यवस्था आली, तर दोन वेगळ्या इच्छा एकमेकींपासून निवडता येतील. दंतवैद्यकात शिकताना ज्याला संपूर्ण शरीर समजून घेण्याची ओढ लागली, त्याची इच्छा एक. आणि जो केवळ समाजाने एमबीबीएसला दिलेल्या मानासाठी दंतवैद्यक सोडू पाहतो, त्याची दुसरी. मधुमेह आणि हिरड्यांचे विकार एकमेकांना बळ देतात, तंबाखूमुळे होणारा मुखाचा कर्करोग अनेकदा प्रथम दंतवैद्याच्याच नजरेस पडतो. ज्या शाखेवर एवढी जबाबदारी आहे, तिला प्रतीक्षागृह समजणे रुग्णांच्या हिताचे नाही. आजची परीक्षा दोघांनाही बारावीचेच प्रश्न विचारते, त्यामुळे हा भेद करण्याचे काम विद्यार्थ्यावर येऊन पडते. पुस्तके उघडण्यापूर्वी त्याने आपली इच्छा यांपैकी कोणती आहे हे प्रामाणिकपणे ठरवले, तर परीक्षेचा निकाल काहीही लागला तरी पुढे त्याच्याकडे येणाऱ्या रुग्णाला पूर्ण मनाने काम करणारा चिकित्सक मिळेल.