मुलाच्या तोंडीं प्रार्थना

ज्या वयांत ‘देव’ या शब्दाचा अर्थही कळत नाहीं, त्या वयांत मुलाच्या तोंडीं प्रार्थना घालण्याचा अधिकार आईबापांस आहे काय? रूसोनें १७६२ सालच्या ‘एमील’ या ग्रंथांत तो नाकारला आहे. बुद्धि परिपक्व होण्यापूर्वीं धर्म शिकविणें म्हणजे मुलास न समजलेले शब्द बोलावयास लावणें, असा त्याच्या म्हणण्याचा इत्यर्थ. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस हें मनांतून पटत असेल, आणि हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहींच.

परंतु प्रार्थना हें एक मत आहे असें यांत गृहीत धरलेलें असतें. गोव्यांतील किंवा वसईकडील जुन्या वळणाच्या कॅथलिक घरांत दिवेलागणीनंतर लहानथोर मंडळी एकत्र बसून जपमाळ म्हणतात. गोव्यांत तिला तेर्स म्हणतात. तेर्स म्हणजे तिसरा हिस्सा. पंधरा रहस्यांपैकीं एका वेळीं पांच म्हणावयाचीं, म्हणून हें नांव. (२००२ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं आणखी पांच रहस्यें जोडल्यामुळें तो हिशेब चुकला; नांव मात्र राहिलें.) दर रहस्यास मरियावंदन दहा वेळां. तिसऱ्या रहस्यापर्यंत धाकटें मूल आजीच्या मांडीवर झोंपीं गेलेलें असतें. त्यानें कोणतें मत स्वीकारलें? शुभंकरोति कानांवर पडणाऱ्या मुलाप्रमाणें तेंही एक भाषा ऐकत असतें. आणि मातृभाषा देतांनाही आपण मुलाची संमति विचारीत नाहीं. पुढें त्याच भाषेंत तें आपल्याशीं वादही घालूं शकतें.

शब्दांचा अर्थ न कळतां श्रद्धा टिकते काय, याचें उत्तर जपानांत मिळतें. तेथें १६१४ सालीं ख्रिस्ती धर्मास बंदी झाली, आणि कांहीं दशकांतच धर्मगुरु उरले नाहींत. बाप्तिस्मा गृहस्थांनींच द्यावयाचा, प्रार्थना घरांतल्या घरांत कुजबुजत शिकवावयाच्या. त्यांतील लॅटिन व पोर्तुगीज शब्द पिढ्यान्‌पिढ्या झिजून म्हणणारालाही अनोळखी झाले. १८६५ सालीं नागासाकीजवळील उराकामीचे गांवकरी नव्या चर्चमध्यें येऊन फ्रेंच पाद्री पेतिजां यांस भेटले, तेव्हां अडीचशें वर्षांचें हें गुपित उघड झालें. पुढें उराकामीचे तीन हजारांवर लोक हद्दपार झाले व त्यांत सहाशेंवर मेले. नुसत्या पोपटपंचीसाठीं एवढें कोण सोसील?

आमची भीति निराळी आहे. मुलांस गुडघे टेकावयास सांगून बाप स्वतः मोबाइल घेऊन बसतो. त्या वेळीं मूल जें शिकतें तें पक्कें शिकतें: हा लहानांवरचा जाच आहे, मोठें झालें कीं सुटका.

आणि नीट शिकविलेलें मूलही दूर गेलें तर? मोनिकेचा पुत्र ऑगस्टीन मानी पंथास मिळाला, तेव्हां तिनें त्याला आपल्या पंक्तीस बसूं देणें बंद केलें. पुढें एका स्वप्नानें तिला धीर आला, व तिनें त्याला पुन्हां घरांत घेतलें. हें पुत्रानेंच ‘कन्फेशन्स’मध्यें लिहून ठेवलें आहे. मिलान येथें त्याचा बाप्तिस्मा झाला तो ३८७ सालीं. आईनें पान मांडलें, त्या दिवशीं तो दिवस अनेक वर्षें दूर होता, आणि पुत्राचीं मतें तिळमात्र बदललेलीं नव्हतीं.