लगाम आणि नजर

(शास्त्रपाठ : स्तोत्रसंहिता ३२ : ८, ९, मार्क ११ : १ ते ७, लूक २४ : १३ ते २९)



दाविदाच्या बत्तिसाव्या स्तोत्रांत दोन वचनें शेजारीं शेजारीं ठेविलेलीं आहेत. आठव्या वचनांत देव आपल्या मनुष्यास वाट दाखविण्याचें काम आपल्या नजरेनें करूं इच्छितो. नवव्यांत तो घोड्याचा व खेंचराचा दाखला देऊन इशारा देतो कीं, तोंडांत लोखंड घातल्यावांचून जीं जनावरें जवळ येत नाहींत, त्यांच्यासारखे तुम्ही होऊं नका.

आमच्या मंडळ्यांतून या दुसऱ्या वचनावर पुष्कळ उपदेश झालेले आहेत. मंडळी हट्टास पेटली अथवा वर्गणी थकली, म्हणजे उपदेशक हें वचन काढतो आणि घोड्याच्या नांवानें माणसांस रागें भरतो. घोडा बिचारा उपासनेस हजर नसतो. यास्तव आज आम्ही अगोदर घोड्याकडे नीट पाहूं आणि मग वचनाकडे येऊं.

इस्राएल लोकांत घोडा हा शेतकऱ्याचा सोबती नव्हता. शेतकऱ्याचा बैल व गाढव. घोडा राजाचा, रथाचा आणि लढाईचा. राजानें आपल्यापाशीं फार घोडे बाळगूं नयेत असें अनुवादाच्या सतराव्या अध्यायांत सांगितलें आहे, तरी शलमोनानें ते मिसर देशांतून आणविलेच. खेड्यांतल्या इस्राएली माणसानें घोडा पाहिला असेल तो बहुधा दुरून, लोखंड चावतांना व धूळ उडवितांना.

आपल्या देशावर तसें नाहीं. दिवाळीनंतर पुणें, सातारा, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कोरड्या भागांतून धनगरांचे वाडे चाऱ्यासाठीं बाहेर पडतात. कित्येक घाट उतरून कोंकणांत जातात. त्यांच्या घोड्या तुम्हीं पाहिल्या आहेत. भीमेच्या कांठची ही जात अंगानें ठेंगणी, पायानें चिवट. मराठ्यांच्या घोडदळांत तिचें मोठें नांव होतें. आज तिच्या पाठीवर तवे, पातेलीं, वाकळा, कोंबड्या, नुकतीं जन्मलेलीं कोंकरें आणि कधीं कधीं चालून दमलेलें मूलही असतें. पुढें एखादी बाई चालते. तिच्या हातांत दोर असतो, पण पुष्कळदां तो ढिला असतो. ती थांबली कीं घोडी थांबते, आणि ती निघाली कीं घोडी निघते. दोर ओढण्याची पाळी क्वचित् येते. हें कसें होतें? ती घोडी शिंगरूं असल्यापासून त्या वाड्याबरोबर चालत आली आहे. मेंढरांचा वास, मुलांचें रडणें, चुलीचा धूर यांमध्येंच ती वाढली. त्या बाईचें चालणें तिनें इतक्या वर्षें पाहिलें आहे कीं, पाऊल कोठें पडणार हें तिला दोरावांचून कळतें.

घोड्याचा स्वभाव देवानें कसा घडविला आहे, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. तो गवत खाणारा प्राणी. त्याला शिंगें नाहींत, नख्या नाहींत. त्याचें रक्षण त्याच्या पायांत आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळें त्याला सभोंवारचें जवळजवळ सर्व दिसतें. केवळ कपाळाच्या अगदीं पुढचें आणि शेपटीच्या थेट मागचें तेवढें दिसत नाहीं. तो उभ्या उभ्या डुलकी घेतो. परंतु गाढ झोंपेसाठीं त्यास आडवें व्हावें लागतें, आणि जागा निर्भय वाटल्यावांचून तो आडवा होत नाहीं. कळपांत एक निजला असतां दुसरा बहुधा उभा राहतो. म्हणजे घोड्याचा पहिला प्रश्न, “येथें मला भय आहे काय?” हा होय. त्याचें उत्तर मिळाल्यावांचून तुमचा दुसरा कोणताही शब्द त्याच्या कानांत शिरत नाहीं.

आतां जो मनुष्य डोळे रोखून, हात पुढें करून, सरळ त्याच्या तोंडावर चालून जातो, तो त्याला कोण वाटेल? धनगराला विचारा, लांडगा असाच येतो. म्हणून जाणता मनुष्य तिरपा, खांद्याच्या बाजूनें जातो. मध्येंच थांबतो. घोड्यानें मान वर केली तर एक पाऊल मागें घेतो आणि दुसरीकडे पाहतो. त्या मागें घेतलेल्या पावलांत घोड्याला जें कळतें, तें दहा वेळां चुचकारूनही कळत नाहीं.

जबरीनें घोडा वठणीवर आणण्याची रीत फार जुनी आहे. त्याला दोरांनीं जखडावें, खालीं पाडावें, उपाशी ठेवावें, थकवून टाकावें. लगामाचें लोखंड त्याच्या पुढच्या व मागच्या दांतांमधील मोकळ्या हिरडीवर टेकतें. तेथें कातडी पातळ असते. दुखेल तसा तो वळतो. अशानें घोडा कामाला येतो, हें कोणी नाकारीत नाहीं. तथापि याविरुद्ध साक्षही जुनीच आहे. क्सेनोफोन नांवाच्या ग्रीक सेनापतीनें ख्रिस्तापूर्वीं चौथ्या शतकांत घोड्यांविषयीं ग्रंथ लिहिला. रागाच्या भरांत घोड्यापाशीं कधींही जाऊं नये आणि बुजलेल्या घोड्यास मारल्यानें त्याचें भय दुणावतें, असें तो शिकवितो. हा मनुष्य लढाईंत मुरलेला होता, हें विसरूं नये. पुढें सन १८५८ मध्यें जॉन रेरी नांवाच्या अमेरिकनानें लंडनमध्यें क्रूझर नांवाचा एक भयंकर घोडा शांत करून दाखविला. त्या घोड्याच्या तोंडाला लोखंडी मुसकें बांधावें लागत असे. रेरीचें बोलणें मृदु व हात हळुवार होता. परंतु अगोदर तो घोड्याचा पुढचा एक पाय पट्ट्यानें बांधून घेई. आमच्या मतें ही अर्धी वाट झाली. ज्याला पळतां येत नाहीं, त्याच्या जवळ उभें राहण्याचा अर्थ काय लावावा?

पूर्ण वाट चालणारेही आहेत. अमेरिकेंतील कॅरोलिन रेझनिक या बाईंनीं रानटी घोड्यांचे कळप पाहून एक पद्धति बसविली आहे. तिचा आरंभ ऐकून तुम्हांस हसूं येईल. घोडा कुंपणाच्या आंत मोकळा सोडावयाचा, एक खुर्ची घेऊन आंत जावयाचें आणि बसावयाचें. दोर नाहीं, चाबूक नाहीं, मागणें नाहीं. घोडा आला तर बरें, न आला तरी बरें. दुसऱ्या दिवशीं पुन्हा, तिसऱ्या दिवशीं पुन्हा. एखाद्या दिवशीं तो येऊन हात हुंगतो. तेव्हांही लगेच म्होरकी चढवावयाची नाहीं, त्याचें तोंड कुरवाळण्याचीही घाई नाहीं. पुढें त्याच्या जवळून चालावयाचें, तो थांबला तर थांबावयाचें. असें करतां करतां एके दिवशीं तो बरोबर चालूं लागतो. त्यानें ढकललें किंवा चावावयास आला, तर मात्र त्याला दूर सारितात. वडील घोडीही शिंगराला तसेंच करिते. ही पद्धति दुबळेपणाची नव्हे. तिचें मर्म एवढेंच कीं, घोड्याला निघून जाण्याची मोकळीक प्रथमपासून शेवटपर्यंत असते.

कोणी म्हणेल, जनावराला यांतलें काय कळणार? इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं सन २०१८ मध्यें एक प्रयोग प्रसिद्ध केला. घोड्यांना सकाळीं एका माणसाचें रागावलेल्या किंवा हसऱ्या मुद्रेचें चित्र दाखविलें. कांहीं तासांनीं तोच मनुष्य साध्या मुद्रेनें समोर आला. ज्यांनीं रागाचें चित्र पाहिलें होतें, ते त्याच्याकडे धोक्याच्या नजरेनें पाहूं लागले. सकाळच्या रागाचा हिशेब दुपारीं घोड्यापाशीं होता. मग ज्या घरीं आपण पांच वर्षांपूर्वीं रागानें बोललों, त्या घरच्या माणसांपाशीं तो नसेल काय?

आतां वचनाकडे वळूं. लगाम व नजर यांत भेद काय? लगाम मागून ओढतां येतो; पाठ फिरविलेल्या घोड्यालाही तो खेंचतो. नजरेनें मात्र त्यालाच चालवितां येतें, जो जवळ आहे आणि मान वर करून आपण होऊन पाहतो. देव नजरेनें चालवूं म्हणतो, याचा अर्थ तो आमच्या जवळिकेची वाट पाहतो. आणि ती जवळीक त्यानें कशी साधली? योहानाच्या पहिल्या अध्यायांत शब्द देही होऊन आम्हांमध्यें राहिला असें म्हटलें आहे. तेथील मूळ ग्रीक शब्दांत तंबू ठोकून राहण्याचा अर्थ आहे. वाडा उतरतो तसा देवाचा पुत्र आमच्या माळावर उतरला. त्यानें सुमारें तीस वर्षें नासरेथांत काढलीं. उपदेश केला तो त्यानंतर थोडींच वर्षें. आम्हीं उपदेशकांनीं हें गणित पुन्हा पुन्हा करून पाहावें. आमच्यापैकीं पुष्कळांचें गणित उलटें आहे. आधीं तीस उपदेश, मग तीन भेटी.

अम्माऊसच्या वाटेवर पाहा. दोघे खिन्न होऊन चालले होते, आणि उठलेला प्रभु त्यांच्या बरोबर चालूं लागला. त्यानें त्यांना थांबविलें नाहीं, यरुशलेमेकडे वळविलें नाहीं. त्यांचें पाऊल ज्या दिशेस पडत होतें त्याच दिशेस तो चालला. गांव जवळ आल्यावर तो पुढें जाण्याच्या बेतांत दिसला. त्यांनीं आग्रह केला तेव्हांच तो आंत गेला. श्रीमंत तरुणावर त्यानें प्रीति केली, आणि तो खिन्न होऊन निघून जात असतां त्याच्या मागें कोणाला धाडलें नाहीं.

यरुशलेमेंत प्रवेश करतांना प्रभूनें जें शिंगरूं घेतलें, त्यावर तोंपर्यंत कोणीही बसलें नव्हतें, हें मार्क मुद्दाम सांगतो. न शिकविलेलें शिंगरूं, पुढें अंथरलेलीं वस्त्रें, हालणाऱ्या डहाळ्या, आरडाओरड करणारा समुदाय! जनावर पाळणाऱ्यास हें वाचून काळजीच वाटेल. मत्तयानें एक गोष्ट अधिक लिहिली आहे; शिंगराची आईही बरोबर आणिली होती. भाष्यकार तेथें संदेष्ट्याच्या वचनाचा विचार करितात, आणि तो योग्यच आहे. परंतु गोठ्यांत वाढलेल्या माणसाला दुसरेंही दिसेल. प्रभूच्या मोठ्या दिवशींसुद्धां शिंगराला त्याच्या आईपासून तोडण्यांत आलें नाहीं. होशेयाच्या अकराव्या अध्यायांत तर देव जनावराच्या जबड्यावरचें जूं वर उचलणारा आणि वांकून त्याला चारा घालणारा असा दिसतो.

आमच्या पाहण्यांत एक मंडळी आहे. तेथील एक तरुण बापाच्या दफनाच्या वेळीं झालेल्या बोलाचालीमुळें उपासनेस येईनासा झाला. पंचांनीं तीन वेळां निरोप धाडले. मग असें ठरलें कीं, तो येईपर्यंत त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या चिठ्ठ्या वाचावयाच्या नाहींत. तो आला. शेवटच्या ओळींत दाराजवळ बसला, चिठ्ठ्या वाचून झाल्या, लग्न लागलें, आणि तो गेला तो गेलाच. पंचांनीं त्या रविवारीं वहींत हजेरी मांडली. याला आम्ही लगाम म्हणतों. त्याच गांवीं एक वृद्ध बायबलबाई आहे. ती त्याच्या शेताच्या बांधावर अधूनमधून जाऊन बसते. कांद्याच्या रोपाविषयीं बोलते, त्याच्या आईच्या गुडघ्याविषयीं विचारते, कधीं नुसतीच बसते. पंचांपैकीं एकानें तिला विचारलें, “मंदिराचा विषय काढलास काय?” ती म्हणाली, “त्यानं काढल्यावर बघू.” अद्याप त्यानें काढलेला नाहीं. तथापि हल्लीं ती निघाली कीं तो पाटीं खालीं ठेवून रस्त्यापर्यंत तिच्या बरोबर चालतो.

लगाम नाना तऱ्हेचे असतात. वसतिगृहांतील जागा, नोकरीची शिफारस, दवाखान्याची चिठ्ठी, लग्न व दफन, हे सर्व चांगल्या माणसांच्या हातांत असलेले लगाम आहेत. या दोरांनीं माणसें ओढलीं जातात असा आरोप बाहेरचे लोक आम्हांवर करितात. त्याचें खंडन आम्ही जोरानें करितों, आणि बहुतेक ठिकाणीं तें खरेंही असतें. पण जेथें खरें नसेल तेथें खंडनानें काय साधेल? बाप्तिस्मा मागावयास आलेल्या माणसाला निघून जाण्याची मोकळीक होती काय, हें पाळकानें स्वतः पाहावें. ज्याला “नाहीं” म्हणतां येत नव्हतें, त्याचें “होय” प्रभूपुढें कसें ठेवावें? पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत वडिलांना कळपावर धनीपणा गाजविण्यास मनाई आहे, आणि हें लिहिणारा पेत्र स्वभावानें उतावळा होता.

मग मंडळींत शिस्त नको काय? हवी. चावणाऱ्या घोड्याला दूर सारावें लागतें हें वर आलेंच आहे. जो दुर्बळास लुबाडतो, बायकोवर हात टाकतो, किंवा मंडळीचा पैसा खातो, त्याला स्पष्ट सांगावें आणि वेळीं रोखावें. आम्ही बोलत आहों तें चावणाऱ्यांविषयीं नव्हे, बुजलेल्यांविषयीं. दोघांस एकच औषध देणारा वैद्य नव्हे.

उपदेशक बंधूंनो, तुमची अडचण आम्हांस ठाऊक आहे. मासिक अहवालांत उपासना किती, भेटी किती, बाप्तिस्मे किती, असे रकाने असतात. बांधावर नुसतें बसल्याचा रकाना नसतो. तरी या आठवड्यांत एका घरीं जा. हातांत वही नेऊं नका. ते अंगणांत काम करीत असतील तर तेथेंच थांबा. रानांत निघाले असतील तर त्यांच्या चालीनें त्यांच्या बरोबर चाला, मेंढरें वळवावयाचीं असतील तर वळवूं लागा. चहा दिला तर घ्या, न दिला तर वाट पाहूं नका. निघतांना रविवारचें नांव काढूं नका, आणि पुढच्या आठवड्यांत त्याच वारीं पुन्हा जा. तें घर कोणतें, हें आम्हीं सांगावयास नको.