आज आठच झाले

व्हिडिओ कॉलवर फिजिओथेरपिस्ट मॅडमनी विचारलं, "रबर बँडचे तीन सेट रोज होतात ना?" मी म्हणालो, "हो." खरं तर दोनच व्हायचे, आणि त्या आठवड्यात दोन दिवस एकही नाही. खांदा माझा, फी मी भरलेली, नुकसान झालं तर माझंच. मग मी खोटं कुणाशी बोललो?

मी नांदेडला घरून काम करतो. सर्फिंग करतो म्हटलं की लोक विचारतात, "कुठं, गोदावरीत?" शिकलो गोव्यात, मोरजीला. तिथंच एका लाटेनं बोर्डावरून फेकलं आणि उजवा खांदा दुखावला. फोटोत सर्फिंग म्हणजे उभं राहणं दिसतं. प्रत्यक्षात बराच वेळ बोर्डावर पालथं पडून हातांनी पाणी मागं सारण्यात जातो. खांद्याची खोबण उथळ असते. हाडाचा गोळा जागेवर धरायला भोवतीचे चार स्नायू राबतात, आणि ते सावकाशच बळकट होतात.

माझ्या कामात बिघाड झाला की कोड मागच्या व्हर्जनवर नेता येतो. शरीराला ती सोय नाही. तरी मी व्यायामाकडे समुद्रात परतायचं भाडं म्हणूनच बघत होतो. भाडं म्हटलं की माणूस घासाघीस करतोच.

'चंदू चॅम्पियन'मुळे मुरलीकांत पेटकर आपल्याला माहीत झाले. सैन्यातले बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, अपंगत्व आलं. पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून. १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक मिळालं. आपल्याला पदक आठवतं; मला आता त्याआधीचे दिवस आठवतात. पोहून बॉक्सिंग परत मिळणार नव्हतं. तरी ते पोहत राहिले.

आईचाही खांदा आखडलाय. २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आम्ही लातुरात राहायचो. टँकर आला की घागरी तीच उचलायची. मी सीईटीचा अभ्यास करत बसायचो. तेव्हापासून खांदा धरतो, असं ती म्हणते. इतकी वर्षं त्या खांद्याला कुणी सेट मोजून दिले नव्हते. यंदा मॅडमनी तिलाही तपासून वेगळा कागद दिला.

संध्याकाळी ती भिंतीवर बोटं चढवते, मोठ्यानं मोजते. एकदा मधेच थांबली आणि कॅलेंडरवर लिहिलं: आठ.

"दहा लिही की. कोण बघतंय?"

"आज आठच झाले. उद्या मलाच बघायचंय ना."

माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं. माझ्या 'हो'वर विश्वास ठेवून मॅडम पुढचा, जास्त ताणाचा बँड देणार होत्या. तो ओढणारा होता महिनाभरानंतरचा मी, आणि त्याला आज कुणी विचारलेलं नव्हतं. 'माझंच नुकसान' म्हणताना मी दोघांना फसवत होतो: एकीचं कसब वाया घालवत होतो, आणि ज्याला उलट बोलता येत नाही अशा माणसावर उधारी चढवत होतो.

मी फोन करून खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग जुनाच बँड ठेवू." म्हणजे मित्रांबरोबरची गोव्याची ट्रिप गेली. वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

त्या रात्री आईच्या आठाखाली मी लिहिलं: सेट दोन.