बिनमहत्त्वाचं बोलण्याचा परवाना

माणसाने फालतूच बोललं पाहिजे अशी सक्ती कुठल्या कायद्याने केली असेल, तर ती हौशी रेडिओवाल्यांवर. वेगवेगळ्या देशांतल्या हौशी केंद्रांनी एकमेकांशी काय बोलावं, याबद्दल आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत कित्येक दशकं एक कलम होतं. साध्या भाषेत बोला, चाचण्यांच्या तांत्रिक बाबी बोला, आणि खासगी बोलायचंच असेल तर ते इतकं बिनमहत्त्वाचं असू द्या की त्यासाठी सरकारी तार किंवा टेलिफोन वापरणं कुणालाच रास्त वाटू नये, असा त्याचा आशय. २००३ साली जिनिव्हाच्या परिषदेत हे शब्द काढून टाकले गेले. खासगी गोष्टी बोलायची मुभा राहिली, बिनमहत्त्वाची अट गेली.

ही अट घालणाऱ्यांना गप्पांचं कौतुक होतं असं समजायचं कारण नाही. त्यांना काळजी महसुलाची होती. तार-टेलिफोन तेव्हा बहुतेक देशांत सरकारच्या हातात होते. घराच्या गच्चीवर अँटेनाची तार ताणून लोक फुकटात परदेशी निरोप पोचवायला लागले तर ट्रंक कॉल कोण लावणार? म्हणून पैशाचं, धंद्याचं, निकडीचं बोलणं खात्याच्या तारेवरून आणि उरलेल्या चकाट्या हौशी लोकांना, अशी वाटणी झाली. माझं म्हणणं असं, की या वाटणीत उष्टं म्हणून जे टाकलं गेलं तेच या छंदाचं खरं भांडवल ठरलं, आणि ज्यांनी ते भांडवल जपलं त्यांनाही त्याची किंमत नीटशी कळलेली नाही.

ज्यांना या मंडळींची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यांना ‘हॅम’ म्हणतात. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेला कुणीही केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवू शकतो. मग त्याला हवेतल्या ओळखीचा कॉलसाइन मिळतो. आपल्याकडे तो बहुधा ‘व्हीयू टू’ किंवा ‘व्हीयू थ्री’ने सुरू होतो. रेडिओसंच, गच्चीवरची तार आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला तोंड देण्याची तयारी एवढं असलं की झालं. पाण्याच्या टाकीपासून नारळाच्या झाडापर्यंत ताणलेली तार कपडे वाळत घालायची नाही, हे सर्वसाधारण सभेत पटवून देणं परीक्षेपेक्षा अवघड जातं, असं एका स्नेह्याने मला सांगितलं होतं.

त्याच स्नेह्याच्या गच्चीवरच्या खोलीत बसून मी सकाळची नेट ऐकली आहेत. नेट म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर भरणारी बैठक. एक जण ‘नेट कंट्रोल’ असतो. तो एकेकाची हजेरी घेतो, पाळी देतो. एका दिवशी हजेरीत एक निवृत्त मास्तर होते.

“मास्तर, आज आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येतोय. ओव्हर.”

“माठ नाही, नवा माइक आहे. दोन हजारांचा. ओव्हर.”

“मग माठच घ्यायचा होता, उन्हाळ्यात कामाला आला असता.”

मग तिसरा मध्ये आला आणि मास्तरांना संचातला आवाजाचा प्रोसेसर बंद करून माइक तोंडाजवळ घ्यायला सांगितलं. मास्तरांनी तसं केलं. “आता?” “आता रांजण. पण सुधारणा आहे.” आणखी दोन-चार फेऱ्यांनंतर आवाज स्वच्छ झाला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, “आता मास्तर शाळेतल्यासारखे ऐकू येताहेत, मी वही काढतो.” पुढची दहा मिनिटं पाऊस, गुडघे आणि आंब्याचा भाव.

ऐकणाऱ्याला हा टवाळखोरीचा कारखाना वाटेल. पण त्यात काय घडलं ते बघा. आपला आवाज हवेत गेल्यावर कसा ऐकू येतो, हे बोलणाऱ्याला स्वतःला कधीच कळत नाही. ते मोजायची महागडी उपकरणं घरोघरी नसतात. दुसऱ्या गावातल्या माणसाचा कान हेच उपकरण, आणि तो कान खरं तेव्हाच बोलतो जेव्हा त्याच्याशी चेष्टेचं नातं असतं. औपचारिक संपर्कात कुणी कुणाला ‘माठ’ म्हणत नाही. तिथे सगळ्यांनाच ‘फाइव्ह नाइन’ मिळतं, म्हणजे बोलणं पूर्ण स्पष्ट आणि सिग्नल जोरदार. या शिष्टाचारावर हॅम मंडळींचा एक जुना विनोद आहे: “तुम्ही फाइव्ह नाइन आहात, कॉलसाइन ऐकू आला नाही, पुन्हा सांगा.” जास्तीत जास्त संपर्क जमवायच्या स्पर्धांमध्ये हा विनोद दर वेळी खरा होतो. सभ्यपणाने दिलेली माहिती निरुपयोगी आणि थट्टेत दिलेली अचूक, असा उलटा हिशेब इथे आहे.

गप्पांमधून आणखी एक गोष्ट साठत जाते. चाळीस मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावर दिवसा काहीशे किलोमीटरच्या टापूतली मंडळी एकमेकांना छान ऐकू येतात. संध्याकाळ झाली की जवळची विरत जातात आणि लांबची कानाशी येतात. हे पुस्तकात लिहिलेलं असतं. पण कोल्हापूरला नागपूर थेट लागत नसेल तेव्हा मध्ये कुणाला धरायचं, कुणाचा संच बॅटरीवर चालतो, कोण पहाटे उठलेला असतोच, कुणाला घाईत आकडे सांगितले तर तो गोंधळतो, हे कुठल्याच पुस्तकात नसतं. रोज “तुमच्याकडे पाऊस आहे का?” असं विचारणाऱ्याला ते आपोआप पाठ होतं.

या बोलण्याची घडणही वेगळी आहे. एका वेळी एकालाच बोलता येतं. बटण दाबलेलं असेपर्यंत तुम्हाला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही, आणि तुम्ही ‘ओव्हर’ म्हणेपर्यंत दुसऱ्याला तुम्हाला तोडता येत नाही. म्हणून हजरजबाबीपणाला इथे वाट बघावी लागते. डोक्यात आलेला टोमणा दोन मिनिटं धरून ठेवायचा, तोवर समोरच्याचं पूर्ण ऐकायचं. पुष्कळदा ते ऐकता ऐकता टोमणाच बदलतो. दर थोड्या वेळाने कॉलसाइन सांगावा लागतो, म्हणजे निनावी टवाळी नाही. सांकेतिक भाषा चालत नाही, आणि राजकारण-धर्म बहुतेक नेटवर संकेतानेच बाहेर ठेवलेले. सारा गाव ऐकतोय हे माहीत असताना केलेली थट्टा आणि बंद खोलीतली थट्टा यांत फरक पडतोच.

आणि मोठेपणा फारसा टिकत नाही. जॉर्डनचे राजे हुसेन ‘जेवाय वन’ या कॉलसाइनवरून सामान्य हॅम लोकांशी बोलत. राजीव गांधींकडे ‘व्हीयू टू आरजी’ होता. हवेत सगळ्याच पुरुषांना ‘ओल्ड मॅन’ म्हणायची रीत आहे, मग वय सोळा असो की सत्तर. आपल्यासारख्या ‘साहेब’, ‘सर’ आणि ‘भाऊ’ यांच्याशिवाय वाक्य सुरू न होणाऱ्या मुलखात ही काही लहान गोष्ट नव्हे. मराठीत बोलताना मात्र ‘अहो’ आणि ‘अरे’ परत येतातच. तेवढं गुरुत्वाकर्षण भाषेला असतं.

महत्त्वाचं बोलणाऱ्या रेडिओचं काय होतं, हे मुंबईने पाहिलेलं आहे. १९३९ साली दुसरं महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने हौशी परवाने रद्द केले. १९४२च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्तपणे काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलत बदलत तो नोव्हेंबरपर्यंत चालला आणि मग पोलिसांनी छापा घातला. उषाबेन येरवड्याच्या तुरुंगात गेल्या. सत्तेला भीती या प्रकारच्या बोलण्याची असते. गुडघे आणि आंब्याचा भाव तिला चालतो, कारण त्यात काही नाही असं तिला वाटतं.

हे ‘काही नाही’ २००४च्या डिसेंबरात अंदमानात कामाला आलं. तिथून हौशी प्रक्षेपणाला परवानगी मिळणं तेव्हा दुर्मीळ होतं. त्याआधी बरीच वर्षं ती मिळालेली नव्हती. भारती प्रसाद या हॅम आणि त्यांचा चमू खास परवानगी काढून पोर्ट ब्लेअरला गेला तो निव्वळ छंदासाठी. दुर्मीळ ठिकाणाहून संपर्क व्हावा म्हणून जगभरचे हॅम त्यांच्या कॉलसाइनवर तुटून पडले होते. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी. बेटांचे टेलिफोन कोलमडले, आणि छंदासाठी नेलेले संच त्या क्षणापासून बेटं आणि मुख्य भूमी यांच्यामधला दुवा झाले. कोण जिवंत, कोण कुठे, कुणाच्या घरी काय कळवायचं, असे निरोप त्यांवरून गेले. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतरही हॅम मंडळी संच घेऊन लातूर भागात पोचली होती, आणि २००१च्या भूकंपानंतर भुजलाही.

या कथा सांगून आपण इथे एक घोटाळा करतो. “हे हॅम लोक आपत्तीत उपयोगी पडतात, म्हणून त्यांच्या छंदाला उत्तेजन द्यावं,” असं भाषणांत म्हटलं जातं, आणि हॅम स्वतःही सोसायटीच्या सेक्रेटरीपुढे हेच तुणतुणं वाजवतात. यात कार्यकारणभाव उलटा लावलेला आहे. आपत्तीसाठी म्हणून कुणी वीस वर्षं रोज सकाळी संच लावत नाही. तो लावतो मास्तरांची खेचायला. त्यापायी तार नीट राहते, बॅटरी भरलेली राहते, कान तयार राहतो आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाच्या शब्दावर विश्वास बसतो. गप्पा वजा करून उरलेला ‘उपयुक्त’ छंद जोपासायला गेलात, तर वर्षातून एकदा रंगीत तालीम होईल, फोटो निघतील आणि संच कपाटात जातील.

थट्टा सगळी निर्मळ असते असं मात्र मी म्हणणार नाही. हॅमच्या बोलीत बायकोला ‘एक्स-वाय-एल’ म्हणतात, म्हणजे ‘माजी तरुण स्त्री’. साऱ्या मंडळींत हशा पिकवणारा हा शब्द नव्याने परवाना घेतलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगून टाकतो की ही बैठक कुणाची आहे. स्वतः संच बांधणारे जुने लोक स्वस्तातला चिनी हातसंच घेऊन आलेल्या पोराची जी खिल्ली उडवतात, तीही पुष्कळदा मास्तरांच्या माठासारखी नसते. मास्तरांना हसल्यावर कुणीतरी उपाय सांगितला होता. पोराला नुसतंच हसतात, आणि तो पुन्हा बटण दाबत नाही. थट्टा चांगली की वाईट हे ठरवायचा याहून सोपा निकष मला माहीत नाही: थट्टेनंतर माणूस परत बोलला का?

हल्ली हीच मंडळी व्हॉट्सअ‍ॅपवरही असतात आणि पुष्कळ गंमत तिकडे सरकली आहे. माणसं तीच, विनोद मात्र पाणचट. याचं कारण मला साधं वाटतं. हवेत फॉरवर्ड करता येत नाही. जे बोलायचं ते स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या नावाने, पाळी आल्यावर. दुसऱ्याचा सुविचार आणि तिसऱ्याचा व्हिडिओ पुढे ढकलून हजेरी लावायची सोय नाही, आणि न ऐकता अंगठा दाखवायचीही नाही.

हॅम क्लबांच्या चालकांना म्हणून एक विनंती आहे. डोंगरावरच्या, सगळ्यांचा आवाज लांबवर पोचवणाऱ्या रिपीटरवर कुणी भाजीच्या भावाबद्दल बोलत बसलं, की ‘चॅनेल मोकळं ठेवा, गप्पा नकोत’ असा दम देणारा एक जण प्रत्येक ठिकाणी असतो. निकडीचा निरोप आला तर चॅनेल मोकळं करावंच, आणि गप्पा मारणारे ते एका ‘ओव्हर’मध्ये करतात. एरवी त्यांना बोलू द्या. आणि नवा पोरगा किंवा पोरगी हजेरीला आली, तर त्यांची थट्टा जरूर करा. फक्त माइक कुठे धरायचा तेही त्याच दमात सांगा.